छायाचित्रणाची पदवी : निवडीपूर्वीची पारख

बारावीचा निकाल हाती येण्याआधीच अनेक घरांत पुढचे सारे ठरलेले असते. वाणिज्य शाखा, जोडीला सी.ए. फाउंडेशन आणि सुट्टीच्या दिवशी पेढीवर बसणे. अशा घरात मुलगा किंवा मुलगी एखाद्या दिवशी ‘मला छायाचित्रणाची पदवी घ्यायची आहे’ असे म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया विरोधाची असतेच असे नाही. ती बहुधा गोंधळाची असते. अशी काही पदवी असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. फोटोग्राफर म्हणजे लग्नमंडपात किंवा पंचकल्याणक महोत्सवात कॅमेरा घेऊन सर्वांच्या पुढे उभा राहणारा आणि मागच्यांची बोलणी खाणारा गृहस्थ, एवढीच त्या व्यवसायाची ओळख असते. त्याने शिक्षण कोठे घेतले, हे त्याला कोणी कधी विचारलेले नसते.

मग ज्या कामासाठी पदवी कोणी विचारत नाही, त्या कामासाठी तीन-चार वर्षे आणि काही लाख रुपये का घालवावेत? हा प्रश्न वडिलांनी विचारला, तर मुलांनी रुसण्याचे कारण नाही. तो रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तरही आहे. भारतात छायाचित्रकार म्हणून व्यवसाय करण्यास पदवीची अट नाही. वकिली किंवा वैद्यकी यांसारखी सनदही लागत नाही. ग्राहक काम पाहतो. पदवीचा कागद प्रत्यक्ष उपयोगी पडतो तो सरकारी वा निमसरकारी पदासाठी, महाविद्यालयात शिकविण्यासाठी आणि पुढील उच्चशिक्षणासाठी. बाकी सर्वांच्या बाबतीत पदवीचे मोल त्या कागदात नसून त्या वर्षांत काय शिकविले जाते यात आहे. म्हणूनच ‘पदवी घ्यावी की नाही’ यापेक्षा ‘कोणती पदवी घ्यावी’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. चांगला अभ्यासक्रम आणि केवळ नावाचा अभ्यासक्रम यांच्या शुल्कात फारसा फरक नसतो. फरक असतो तो हाती पडणाऱ्या मालात.

छायाचित्रण हा व्यापारी घराण्यांना परका विषय आहे, असेही नाही. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत ख्यातनाम भारतीय छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे मेरठजवळच्या सरधना येथील जवाहिऱ्यांच्या जैन घराण्यात १८४४ साली जन्मले. त्यांचे औपचारिक शिक्षण मात्र रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयातील स्थापत्यशास्त्राचे होते. इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे त्यांनी काढली आणि पुढे ते हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी छायाचित्रकार झाले. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ पासून मुंबई, अशा तीन नगरांत त्यांच्या पेढ्या होत्या. पेढ्या हाच शब्द येथे योग्य, कारण त्यांनी कलेचा व्यवहार शाखा, नोकरवर्ग आणि गिऱ्हाइकांच्या नोंदी यांसह उभा केला होता. पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेत त्यांनी स्वतंत्र स्टुडिओ काढला व त्याची व्यवस्था एका इंग्रज स्त्रीकडे सोपविली. बाजारातील उणीव ओळखून ती भरून काढण्याची ही दृष्टी त्यांना रुडकीत कोणी शिकविली नसावी. पण बांधकामाचा नकाशा काढणाऱ्या हाताला रेषा, प्रमाण आणि उंची यांचे जे भान येते, ते त्यांच्या वास्तुचित्रांत स्पष्ट दिसते.

आजच्या व्यापाराकडे पाहिले, तर छायाचित्रणाचा संबंध अधिकच जवळचा झाला आहे. कापड दुकानात साडी पसंत करताना गिऱ्हाईक ती दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत नेते आणि दिवसाच्या उजेडात पाहते, हे प्रत्येक कापड व्यापाऱ्याने पाहिलेले आहे. ट्यूबलाइटखाली सारखे भासणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसतात. एका प्रकाशात जुळलेला ब्लाउज दुसऱ्या प्रकाशात विजोड ठरतो. ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाइकाला हा उंबरा उपलब्ध नसतो. तेथे छायाचित्रच उंबरा असते. रंग चुकला की माल परत येतो आणि येण्याजाण्याचे भाडे व्यापाऱ्याच्या माथी बसते. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत आणि पडद्यापासून छपाईपर्यंत रंग तोच कसा राखावा, हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. दागिन्यांचे छायाचित्रण त्याहूनही अवघड. चकचकीत सोने आरशासारखे असते. त्यात कॅमेरा, छत आणि छायाचित्रकाराचा सदराही दिसतो. हिऱ्याची चमक तर प्रकाशाची जागा इंचभर हलली तरी मावळते. शिवाय इतक्या जवळून छायाचित्र घेताना अंगठीचा पुढचा भाग स्पष्ट आला तर मागचा धूसर येतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर नजर साधून अनेक छायाचित्रे घ्यावी लागतात आणि मग ती एकत्र जुळवावी लागतात.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरील साध्या वस्तुचित्रांचे काम आता संगणकच करू लागला आहे आणि त्या कामावर पोट भरण्याची आशा नव्या विद्यार्थ्याने धरू नये. परंतु प्रमाणपत्रासह विकल्या जाणाऱ्या खड्याचे चित्र त्याच खड्याचे असावे लागते. तेथे कल्पनेने रचलेले चित्र चालत नाही.

आता प्रत्यक्ष वाटा. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात आणि त्यांतील तिसरीचा विचार घरात सर्वांत कमी होतो.

पहिली वाट उपयोजित कलेची. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून वाढून स्वतंत्र झालेली उपयोजित कला संस्था, पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय आणि राज्यातील अन्य कला महाविद्यालये यांत चार वर्षांचा ललित कला पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात रेखांकन, अक्षरलेखन, जाहिरात-रचना यांच्याबरोबर छायाचित्रण शिकविले जाते आणि पुढच्या वर्षांत त्यावर भर देता येतो. म्हणजे ही निव्वळ छायाचित्रणाची पदवी नव्हे. कोणाला ही उणीव वाटेल. वस्तुतः पुष्कळ विद्यार्थ्यांसाठी हेच तिचे बळ आहे. छायाचित्रात मन रमले नाही, तर जाहिरात, वेष्टन-रचना किंवा पुस्तक-मांडणी यांकडे वळण्याची सोय तेथेच असते. राज्य सीईटी कक्षाच्या कला शाखेच्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हातानेच काढावे लागते. ‘मला तर कॅमेरा चालवायचा आहे, पेन्सिल कशाला?’ असे म्हणणारी मुले येथे अडतात. शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या असल्या, तर ही वाट सोपी जाते. जे. जे. संस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्याने तेथील प्रवेशाचे नियम जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून धरू नयेत. त्या वर्षीचे माहितीपत्रकच पाहावे.

दुसरी वाट खास छायाचित्रणाच्या पदवीची. हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठात छायाचित्रण व दृश्यसंवाद या विषयाची चार वर्षांची पदवी आहे. दीनदयाळ यांच्याच नगरातील ही संस्था सरकारी विद्यापीठाची आहे, हे विशेष. पुण्यात सिम्बायोसिस अभिमत विद्यापीठाच्या एका शाखेत दृश्यकला आणि छायाचित्रण एकत्र शिकविले जाते. याखेरीज मोठ्या शहरांत अनेक खासगी संस्था ‘पदवी’ देऊ करतात आणि सावधगिरी हवी ती येथे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. एखादी संस्था आपल्या इमारतीत छायाचित्रण शिकविते आणि पदवी मात्र दूरच्या एखाद्या विद्यापीठाच्या पत्रव्यवहार अभ्यासक्रमाची मिळवून देते, असेही घडते. म्हणून प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : अंतिम प्रमाणपत्रावर नाव कोणाचे असेल? उत्तर लेखी घ्यावे आणि ते नाव आयोगाच्या यादीत आहे का, ते पाहावे. पदविका घेण्यात कमीपणा नाही. उटीच्या लाइट अँड लाइफ अकॅडमीसारख्या पदविका देणाऱ्या संस्थांनी या क्षेत्रात मोठे नाव मिळविले आहे. वाईट आहे ते पदविकेला पदवी म्हणून विकणे.

तिसरी वाट अशी की, आधी वाणिज्य वा अन्य शाखेची नेहमीची पदवी घ्यावी आणि नंतर छायाचित्रणाकडे जावे. ही माघार वाटते, पण देशातील नामांकित सरकारी संस्थांची दारे याच बाजूने उघडतात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा छायाचित्रण-रचनेचा अभ्यासक्रम गांधीनगर येथे पदव्युत्तर पातळीवर आहे. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातील जनसंपर्क संशोधन केंद्रात स्थिर छायाचित्रणाची पदव्युत्तर पदविका आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चलच्छायालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. तो चित्रपटासाठी आहे, स्थिरचित्रणासाठी नव्हे, हा भेद मात्र लक्षात ठेवावा. घरातील मुलाचे बी.कॉम. चालू असेल, तो सकाळी महाविद्यालयात, दुपारी पेढीवर आणि रविवारी कॅमेऱ्यासोबत असेल, तर त्याची वर्षे वाया जात आहेत असे समजण्याचे कारण नाही. उलट हिशेब, करार आणि कर यांची समज असलेला छायाचित्रकार दुर्मीळच. ज्या घरात आई-वडील आणि मुलगा यांच्यात या विषयावरून अबोला धरला गेला आहे, तेथे ही वाट दोन्ही बाजूंनी पुन्हा एकदा पाहिली जावी.

वाट ठरली की महाविद्यालय पाहण्यास प्रत्यक्ष जावे आणि माहितीपत्रक घरी ठेवून जावे. माहितीपत्रकातील सुंदर छायाचित्रे बहुधा बाहेरच्या व्यावसायिकांनी काढलेली असतात. पाहायचे ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम. तेही पारितोषिक मिळालेल्या दोघांचे नव्हे, मधल्या क्रमांकांच्या मुलांचे. गहू घेताना पोत्याच्या तोंडाशी ठेवलेले दाणे कोणी पाहत नाही, बंबी आत खुपसून नमुना काढतात, तसेच हे. सर्वांचे काम एकाच शिक्षकाच्या छापाचे दिसत असेल, तर तेथे अनुकरण शिकविले जाते. प्रत्येकाचे वेगळे असूनही सर्वांना प्रकाशाची समज आलेली दिसत असेल, तर ते महाविद्यालय बरे.

स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो, एका दिव्यामागे किती विद्यार्थी, बिघडलेला फ्लॅश किती दिवसांत दुरुस्त होतो, हे प्रश्न प्राचार्यांना न विचारता विद्यार्थ्यांना विचारावेत. छपाईची सोय आहे का, हे आवर्जून पाहावे. मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक चित्र चांगले दिसते. तेच दोन फूट रुंदीच्या कागदावर उतरले की हात कुठे हलला आणि सावली कुठे बुजली ते उघडे पडते. शिक्षकांपैकी कितीजण आजही व्यवसाय करतात, याचीही चौकशी करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे : आठवड्यातून किती वेळा विद्यार्थ्याचे काम सर्वांसमोर भिंतीवर लावून त्याची चिकित्सा होते? कॅमेऱ्याची बटणे यूट्यूबवरून शिकता येतात. प्रकाशाचे अंतर दुप्पट केले की त्याची तीव्रता चौथाईवर येते, हा नियमही घरी बसून पाठ होतो. पण स्वतःचे चित्र का फसले, हे चारचौघांत ऐकून घेणे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढणे, हे घरी होत नाही. ज्या अभ्यासक्रमात हे होत नाही, त्याला शुल्क का द्यावे, हे समजणे कठीण आहे.

जैन विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट विचारावी लागते आणि ती प्रवेशाआधीच विचारलेली बरी. काही महाविद्यालयांत पहिल्या-दुसऱ्या वर्षी फिल्म आणि डार्करूम यांचे शिक्षण असते. फिल्मवरील व प्रकाशसंवेदी कागदावरील चांदीचे क्षार ज्या थरात धरून ठेवलेले असतात, तो थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. दीनदयाळ यांच्या काळात प्रचलित असलेल्या अल्ब्युमेन कागदासाठी अंड्यातील पांढरा भाग वापरीत. ही माहिती बहुतेक घरांत नसते. मग विद्यार्थ्याला ती वर्गात कळते आणि त्याची कुचंबणा होते. डिजिटल कॅमेऱ्यात असा थर नसतो. डार्करूम ऐच्छिक आहे की सक्तीची, त्याऐवजी अन्य प्रक्रिया करता येते का, हे विचारण्यात संकोच नको. पर्याय आहेतही. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइप ही पद्धत लोहक्षारांवर चालते. कागदावर द्रावण लावून उन्हात धरायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे, की गडद निळे चित्र उमटते. तेथेही एक बारकावा आहे. चित्रकलेच्या काही जाड, महागड्या कागदांना कारखान्यातच जिलेटिनची खळ दिलेली असते, म्हणून कागदाचीही चौकशी करावी. अशी विनंती समंजस शिक्षक सहसा नाकारत नाहीत, मात्र विद्यार्थ्याने पर्याय अभ्यासून जावे. नुसता नकार घेऊन जाऊ नये. मांसाहारी पदार्थांचे किंवा चामड्याच्या वस्तूंचे चित्रण करावे लागेल का, हा प्रश्नही त्याच वेळी निकालात काढावा.

वसतिगृहाच्या जेवणाचा प्रश्न नेहमीचाच. या विषयात त्याला एक गमतीचे वळण आहे. बाह्यचित्रणासाठी सर्वांत मऊ, सोनेरी उजेड सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात मिळतो आणि चौविहार पाळणाऱ्याची जेवणाची वेळही तीच. सकाळचा उजेड तितकाच सुंदर असतो, एवढा दिलासा आहे. पहाटे उठण्याची तयारी हवी.

खर्चाचा हिशेब करताना केवळ शुल्क धरून चालत नाही. कॅमेरा, दोन चांगल्या लेन्स, तिपाई, संगणक, साठवणुकीच्या डिस्क आणि दर सहामाहीची छपाई मिळून मोठी रक्कम होते. येथे व्यापाऱ्याला परिचित असा घसाऱ्याचा नियम उपयोगी पडतो. कॅमेऱ्याची किंमत नवे मॉडेल येताच उतरते. चांगली लेन्स वर्षानुवर्षे किंमत टिकवून धरते. म्हणून पहिल्या वर्षी जुना पण सुस्थितीतील कॅमेरा आणि एक उत्तम लेन्स पुरेशी आहे. प्रवेशाच्या आनंदात मुलाला सर्वांत महाग कॅमेरा घेऊन देणारे पालक त्याचे नुकसान करीत नसले, तरी स्वतःचे करतात. बऱ्याच महाविद्यालयांत साहित्य उसने मिळते. ते मिळत असेल, तर खरेदी दुसऱ्या वर्षापर्यंत लांबवावी.

अभ्यासक्रमात कायदा आणि व्यवहार शिकविला जातो का, हेही पाहावे. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या छायाचित्राचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, काढणारा नव्हे. पुष्कळ छायाचित्रकारांना हे वाद उत्पन्न झाल्यावर कळते. कराराच्या चार ओळी आधी लिहून घेण्याची सवय पेढीवर वाढलेल्या मुलाला असते; कलाशाळेत ती क्वचितच लागते.

मुलींच्या बाबतीत घरची काळजी निराळी असते : रात्रीची कामे, परगावचे दौरे, अनोळखी माणसे. ही काळजी खोटी नाही. पण छायाचित्रण म्हणजे रात्रीची लग्ने एवढेच नव्हे, हे एकदा ध्यानात आले की ती बरीच हलकी होते. वस्तुचित्रण, ग्रंथ व हस्तलिखितांचे चित्रण, वास्तुचित्रण, लहान मुलांची छायाचित्रे ही दिवसाची कामे आहेत. आपल्या ग्रंथभांडारांतील ताडपत्रांचे अंकीय जतन करण्यासाठी तर प्रकाशाची आणि रंगाची खरी समज असलेली माणसे हवीच आहेत. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या नवसारीच्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांनी काम केले तो काळ आजच्याहून कितीतरी अवघड होता.

बहुतेक चांगल्या संस्था लेखी परीक्षेखेरीज मुलाखत घेतात आणि मुलाखतीत विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ पाहतात. त्यासाठी दूरच्या प्रवासाची गरज नाही. एक उन्हाळा आणि घरचे दुकान पुरे. सकाळी शटर उघडताना आत शिरणारा उजेड, तागा उलगडणारा हात, तराजूची पारडी, मंदिराच्या पायरीवर सकाळी आठ वाजता पडणारी कलती सावली, दुपारी गादीवर डोळा लागलेले आजोबा. हे सर्व त्या मुलाने पाहिले आहे आणि परीक्षकांनी पाहिलेले नाही. एकाच विषयावर महिनाभर काम करून त्यातील पंधरा-वीस छायाचित्रे निवडावीत, क्रम लावावा आणि प्रत्येक चित्र का ठेवले, हे दोन वाक्यांत सांगण्याचा सराव घरच्यांसमोर करावा. वडिलांनी त्या वेळी समोर बसावे आणि न समजलेले विचारावे. फुले, मांजरी आणि सूर्यास्त यांची छायाचित्रे परीक्षकांकडे आधीच पुष्कळ आलेली असतात. ती वगळली तरी चालेल.